उशिरा येणारा गांधार

१

दुपारचे दोन वाजले की कोलकात्याच्या नाकतल्यात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. भात पोटात गेलेला असतो, खिडक्या ओढून घेतलेल्या असतात आणि मासेवाल्यापासून निवृत्त हेडमास्तरांपर्यंत सगळा पाडा, म्हणजे मोहल्ला, आडवा झालेला असतो. अशा वेळी कुणी जोरात शिंकलं तरी शेजारीण दोन दिवस बोलायची नाही. तुहिना कर नेमकी ह्याच वेळी एसराज घेऊन बसायची. विक्षिप्त आहे, असं लोक म्हणायचे. होतीच. पण ध्वनिमुद्रणाला शांतता लागते आणि कोलकात्यात शांतता विकत घ्यायची तर तिच्यासारखीला परवडत नाही. दोन ते चार ती फुकट मिळते, मग सोडा कशाला?

खोली तळमजल्यावरची. कधीकाळी तिथे घरमालकाची गाडी राहायची. तुहिनाने भिंतींना जुन्या गाद्या आणि कांथा टाक्याच्या गोधड्या ठोकल्या होत्या, खाली लाल सिमेंटची फरशी. पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. चैत्राचा उकाडा, अंगाची नुसती लाही व्हायची. पण बाई घामाने निथळत बसायची, कानाला हेडफोन लावून. बीट त्या हेडफोनात. खोलीत चिडीचूप.

बीटही तिचे घरचेच. मासळीबाजारात विळीवर रोहूचं डोकं फुटतं तो आवाज, सोनाराच्या दुकानाचं शटर, ट्रामची घंटा, असलं काहीबाही गोळा करून ती लॅपटॉपवर त्याचा ठेका बांधायची आणि त्यावर एसराज. माइक दोन. एक गजापाशी, एक तरफांपाशी. एसराज म्हणजे आपल्या दिलरुब्याचा सख्खा भाऊ. वर व्हायोलिनसारखा गज फिरवून वाजवायच्या चार तारा, त्यांच्याखाली पंधरा बारीक तरफा. तरफांना कुणी हात लावत नाही. वर जो सूर बोलेल त्या सुराची तरफ खाली आपसूक झंकारते. तरफ स्वतः होऊन कधी बोलत नाही, नुसती ओ देते. हाक नसेल तर ओ नाही.

त्या दिवशी भीमपलास चालला होता. मध्यमावरून कोमल गांधारावर उतरताना तुहिना मुद्दाम रेंगाळायची. ठेका पुढे निघून जायचा आणि मग अर्धी मात्रा उशिरा तिचा गांधार यायचा, लग्नघरी सगळ्यांच्या नंतर पोचलेल्या आत्येसारखा, ऐटीत. ही तिची खोड. तिचे गुरू कालीकिंकर भौमिक त्या खोडीला ‘आळस’ म्हणायचे. अकरा वर्षं शिकवून सहा वर्षांपूर्वी त्यांनी ह्याच आळसापायी तिला घराबाहेर काढलं. ती तेव्हा तोऱ्यात म्हणाली होती, “यंत्राबरोबर वाजवते म्हणून ना, मास्टरमोशाय?” ते म्हणाले, “छे. यंत्र निदान वेळेवर येतं.”

तर त्या आळसावरच तिने आपलं नाव उभं केलं होतं. तो एक उशिरा येणारा गांधार ऐकला की ढाक्यापासून बंगळुरूपर्यंतची पोरं ओळखायची, ही तुहिना. आता आठ गाण्यांचा तिचा पहिला संच पोयला बैशाखला, बंगाली नववर्षाला, निघायचा होता, कुठल्याही कंपनीविना, स्वतःच्या हिमतीवर. दहा दिवस उरले होते. मास्टरमोशाय फाल्गुनात वारले. कुणी तिला कळवलं नाही. पेपराच्या कोपऱ्यात वाचलं तिने. त्या दिवशीही ती वाजवायला बसलीच. रडत रडत बसली, पण बसली.

पाच वाजता पाडा जागा झाला, कपबश्यांचे आवाज सुरू झाले, तेव्हा तिने बिनदुधाचा लाल चहा घेतला आणि दुपारचं काम ऐकायला लागली. सवयीप्रमाणे आधी गजाचा माइक, मग एकटा तरफांचा. तरफांच्या माइकमध्ये तिचा गांधार आला, उशिरा, छान आला. मग ती थांबली होती, गज उचलला होता, तो कपड्याचा आवाजही होता. मग चार क्षण काही नाही.

आणि मग तरफा वाजल्या. म, ग, रे, सा. अगदी बारीक, एकामागून एक, वेळच्या वेळी.

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. गजाच्या माइकमध्ये त्या जागी शुद्ध शांतता होती. “कुणाचा तरी कुकर,” ती मोठ्यांदा म्हणाली आणि चहा संपवला. चहा गार झाल्याचं तिच्या लक्षात आलं नाही.

२

पिकलू हा तिचा कॉलेजपासूनचा दोस्त. तिच्या गाण्यांमधले सगळे आवाज शेवटी जुळवून द्यायचं काम त्याचं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता तो मुढी, म्हणजे आपले मुरमुरे, आणि तेलेभाजा, गरम भजी, घेऊन आला. त्याने ते दहा वेळा ऐकलं.

“काय म्हणणं आहे तुझं?” त्याने विचारलं.

“माझं काही म्हणणं नाही. तरफ वाजली म्हणजे खोलीत त्या सुराचा आवाज झाला. बरोबर?”

“बरोबर.”

“मग तो आवाज दुसऱ्या माइकला का नाही ऐकू आला? वीतभर तर अंतर आहे.”

पिकलूने कान खाजवला. “कुकर.”

“कुकर म ग रे सा वाजवतो? भीमपलासात?”

“वरच्या घोषालकाकूंचा कुकर आहे बाई तो. शांतिनिकेतनात शिकलेल्या आहेत त्या.”

ती हसली. हसायला बरं वाटलं. मग पिकलू जरा शहाण्यासारखं बोलला. कधी कधी संगणक अडखळतो, मघाशी वाजलेलं मागाहून पुन्हा उमटवतो, असं त्याने दोनदा पाहिलं होतं.

“मी वाजवलेलं उमटलं म्हणतोस?”

“मग दुसरं कोण आहे इथे?”

“अरे गाढवा, मी वाजवलेला गांधार उशिरा आहे. हा वेळेवर आहे.”

त्याने तोंडात तेलेभाजा कोंबला.

दोन वाजता दोघंही बसली. तो दाराला पाठ लावून, ती मधोमध. आज तिने तरफांचा माइक थेट कानात घेतला, म्हणजे काय होईल ते होत असतानाच कळावं. पिकलूच्याही कानाला तेच. तिने बीट चालू केला, आलापी केली, मध्यमावर आली, रेंगाळली, गांधारावर उतरली आणि बीट बंद करून थांबली.

कानात तरफा बोलल्या. म, ग, रे, सा.

आता इथे एक सांगायला हवं. कालीकिंकर भौमिकांनी अकरा वर्षांत ‘चुकलं’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. शिष्य चुकला की ते स्वतः गज उचलून ती जागा एकदा नीट वाजवायचे, बस्स. शिष्याने ती परत वाजवून दाखवायची. अजून चुकली तर ते पुन्हा वाजवणार. आणि ज्या वेळी ते गप्प राहतील त्या वेळी समजायचं की आली. दर गुरुवारी, दर रविवारी, अकरा वर्षं. शाबासकी म्हणजे गप्प बसणं. घरी कुणी गप्प बसलं की तुहिनाला उगाचच बरं वाटायचं, इतकं ते अंगात मुरलं होतं.

तर तरफा बोलल्या, आणि तुहिनाचा गज हलला. म, ग, रे, सा. वेळेवर. वाजवून झाल्यावर तिने गज कपाळाला लावला, जसा मास्टरमोशायांपुढे लावायची.

खोली गप्प राहिली.

“आलं,” ती समाधानाने म्हणाली. आणि मग तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पिकलूने हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता. त्याचा चेहरा उतरला होता. “तुहिना, तू का वाजवलंस?”

“काय?”

“ते वाजलं, आणि मग तू तसंच वाजवलंस. का? तुला कुणी सांगितलं होतं?”

काय सांगणार ती! शिकलेला हात आहे, समोरून जागा आली की परत देतो. त्याला विचार करावा लागत नाही. तिने पिकलूला मुढीचा पुडा दिला आणि घरी जायला सांगितलं. तो गेलाही लगेच, चपला उलट्यासुलट्या घालून.

३

दुसऱ्या दिवशी तिचा गांधार उशिरा येईना.

ती मध्यमावरून निघायची, रेंगाळायचं ठरवून निघायची आणि बोट घसरून वेळेवर पोचायचं. एकदा, दहादा, चाळीसदा. दर वेळी खोली गप्प. ती मायेची, पसंतीची शांतता तिला पाठीत काठी बसल्यासारखी लागायची. “तुमच्या पसंतीला विचारतंय कोण?” ती भिंतीवरच्या गोधड्यांकडे बघून ओरडली. “मेल्यावर तरी शिकवणं सोडा ना!” वरच्या मजल्यावर कुणीतरी कुशीवर वळलं, पलंग करकरला.

पिकलूला तिने नवं मुद्रण पाठवलं. त्याचा फोन आला. “हे कुणी वाजवलंय?”

“मी.”

“रेडिओच्या परीक्षेला बसलीस की काय? सगळं कसं स्वच्छ आहे. धुऊन इस्त्री केल्यासारखं.”

“गांधार येत नाहीये रे.”

पिकलू म्हणाला, “त्यात काय, मी संगणकावर अर्धी मात्रा मागे ओढून देतो. कुणाला कळणार आहे?” त्याने तसं केलंही. तिने ऐकलं. उशीर झाला होता, पण ऐट नव्हती. बस चुकलेल्या माणसासारखा तो गांधार कसाबसा येऊन उभा राहत होता. तिने ते पुसून टाकलं.

मग तिने तरफांमध्ये कापूस भरला. हाक ऐकूच आली नाही तर ओ कुठली! खरोखरच कानात काही आलं नाही. तिने वाजवायला घेतलं आणि गांधार वेळेवर आला. कापूस असताना आला, दुसऱ्या पट्टीत आला, पिकलूच्या घरी जाऊन वाजवलं तिथेही वेळेवर आला. आता शिकवणाऱ्याची गरजच उरली नव्हती म्हणा ना.

आणि गांधारावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की गज परतवताना ती जो एक खरखरीत झटका द्यायची तो गेलाय. चौथ्या दिवशी पंचमावरचा हेलकावा गेला. रोज एक. घरातल्या वस्तू एकेक करून कुणीतरी जागच्या जागी लावून ठेवतंय आणि घर आपलं राहत नाहीये, असं काहीतरी. तिने आपली जुनी गाणी लावली. ती बाई कोण वाजवतेय ते तिला ओळखता येत होतं, पण तिच्यासारखं वाजवता येत नव्हतं. त्या दुपारी ती फरशीवर बसून ढसाढसा रडली. पोयला बैशाखला चार दिवस होते, पण रडू काही त्या संचाचं नव्हतं. संच गेला खड्ड्यात. स्वतःचा हात असा डोळ्यांदेखत परका होत चालला तर माणसाने करायचं काय?

तोंड धुऊन ती उठली आणि बेहालाची रिक्षा पकडली. सहा वर्षांत ती मास्टरमोशायांच्या दाराशी फिरकली नव्हती.

४

मास्टरमोशायांच्या बायकोला सगळे शिष्य काकीमा म्हणायचे. काकीमांनी दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “वाळलीस. जेवलीस का?”

“जेवून आले.”

“खोटं बोलू नकोस. हातपाय धू.”

कैरीची डाळ, भात आणि खसखशीतलं बटाट्याचं पोश्तो. काकीमा समोर बसून वाढत होत्या. पांढऱ्या साडीत त्या लहान दिसत होत्या. कोपऱ्यात मास्टरमोशायांचा एसराज गवसणीत होता. तुहिनाने तिकडे पाठ केली.

“कळवलं नाहीत मला,” ती म्हणाली.

“तू आली असतीस?”

“आले असते.”

“मग माझंच चुकलं,” काकीमा म्हणाल्या आणि अजून थोडी डाळ वाढली. मग विचारलं, “काय झालंय?”

तिने सांगितलं. सांगताना तिला स्वतःचंच हसू येत होतं. इतकी शिकलेली बाई, दिवसभर संगणकाशी खेळणारी, आणि भरदुपारी कुणीतरी तरफा वाजवतं म्हणून सांगायला आलेली. काकीमा हसल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तू परत वाजवून दाखवलंस का?”

तुहिनाने होकारार्थी मान हलवली. काकीमांनी पळी भांड्यात ठेवली.

“सगळेच वाजवतात,” त्या म्हणाल्या. “शिकलेल्या हाताला दुसरं येतं काय!”

“सगळे म्हणजे?”

“लग्न होऊन आले ना मी, तेव्हा हे असं वाजवायचे नाहीत.” काकीमा गवसणीकडे बघत होत्या. “ह्यांच्या हातात एक खोड होती. वर षड्जावर जायचं असलं की आधी निषादावर थांबायचे. चांगले थांबायचे. दारात आलेल्या माणसाने आत येऊ की नको असं करावं, तसं. मला बाई फार आवडायचं ते. स्वयंपाकघरात हात थांबायचे माझे. मग ह्यांचे गुरू वारले. त्या चैत्रात हे दुपारी दार लावून बसायला लागले. मला आतून ऐकू यायचं. वाजवायचे, थांबायचे, परत तेच वाजवायचे. दोन महिने चाललं होतं. मग एक दिवस ते थांबणं बंद झालं.”

“आणि?”

“आणि काय! सभेत लोक म्हणाले, अगदी गुरूंसारखं वाजवलंत, डोळे मिटले तर फरक कळत नाही. केवढा मोठा हार घातला होता. घरी आले ते जेवले नाहीत. मला म्हणाले, मी पूर्वी काय वाजवायचो गं? तुला आठवतं का? मी गुणगुणून दाखवलं. त्यांनी एसराज घेतला. पहाटेपर्यंत बसले होते. नाही आलं.” काकीमांनी पदराने हात पुसला. “पुढे कधी विचारलं नाही त्यांनी. मीही विषय काढला नाही. पण तुला घराबाहेर काढलं ना, त्या दिवशी दाराआड उभे राहून तू पायऱ्या उतरेपर्यंत बघत होते.”

तुहिनाने हातातला घास ताटात ठेवला. इतकी वर्षं जपलेला राग, आता ठेवायचा तरी कुठे?

“काकीमा, ह्यावर उपाय काय?”

“मला काय माहीत? मी थोडीच वाजवत होते.”

“ती जागा आठवते तुम्हाला अजून?”

काकीमा लाजल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नव्या नवरीसारखी लाजली. मग खरकट्या ताटासमोर बसून, कापऱ्या आवाजात त्यांनी ती गुणगुणली. प, नि. आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की तुहिनाला वाटलं विसरल्या. मग सा.

५

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिने खोलीचं दार लावलं आणि दिवा लावताच थबकली.

गजाच्या केसांना राळ घासतात आणि वाजवताना तिची पांढरी भुकटी खाली झडते. तुहिनाच्या बसण्याच्या जागेपुढे लाल फरशीवर तशी एक रेघ रोजचीच. कालची तिने पुसली नव्हती, ती तिथे होती. पण तिच्यासमोर दोन हातांवर, जिथे शिकवणारा बसतो तिथे, आणखी एक होती. तिने वाकून बोट लावलं. ताजी होती, बोटाला चिकटली.

पळून जावं असं एकदा मनात आलं. पण पळून जाणार कुठे? हात तर बरोबरच येणार होता. तिने तरफांमधला कापूस उपसून काढला, मांडी ठोकली, हेडफोन चढवून बीट चालू केला, एसराज खांद्याला लावला.

“आलाच आहात तर ऐका,” ती म्हणाली.

तिने गांधार घेतला. वेळेवर आला. खोली गप्प. पुन्हा घेतला. गप्प. घाम हनुवटीवरून एसराजावर ठिबकत होता. तिसाव्या वेळी तिने तो नाद सोडला. आपली जागा तिच्या हातातून पुसली गेली होती. पण एक जागा अशी होती की जी तिच्या हातात कधी आलीच नव्हती, त्यामुळे कुणी दुरुस्त केली नव्हती.

प, नि. ती थांबली. काकीमा थांबल्या होत्या तेवढीच. मग सा.

खोली गप्प झाली नाही. कसं सांगावं, गप्प बसणं आणि श्वास अडकणं ह्यांत फरक असतो, तो कानाला कळतो. मग कोमल निषादाची तरफ थरथरली. एकटीच. विझली, पुन्हा थरथरली. आणि मग चाचपडत, लहान मूल पाटी गिरवतं तसं, प. नि. लांबलचक थांबणं. सा.

“हो,” तुहिना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “हो, हो, तीच. तुमचीच आहे ती.”

तेवढ्यात तरफा पुन्हा वाजल्या. ह्या वेळी हात दुसरा होता. जड. आवाज आणखी मागून आल्यासारखा. प नि सा, सरळ, वेळेवर, कुठेही न थांबता. हे तिला उद्देशून नव्हतं. ती ज्याच्याशी बोलत होती त्याला होतं. आणि तिने ऐकलं की त्या चाचपडणाऱ्या हाताने लगेच ते परत वाजवून दाखवलं. प नि सा. वेळेवर, मुकाट्याने, मान खाली घालून.

ज्यांच्यासमोर अकरा वर्षं तिने मान वर केली नाही, ते मास्टरमोशाय समोर बसून आपल्या गुरूंकडून दुरुस्त होत होते.

भीती कुठच्या कुठे गेली. असा संताप आला तिला! “नाही!” ती किंचाळली. “परत वाजवू नका! कशाला वाजवता परत?” आणि तिने हेडफोनची वायर हिसडून उपटली.

बीट लॅपटॉपमधून थेट खोलीत फुटला. विळी, शटर, ट्रामची घंटा, रोहूचं डोकं, सगळं मोठ्या आवाजात, गाद्यांच्या भिंतींवर धडाधड. तरफा पिसाळल्यासारख्या झंकारायला लागल्या. त्यांच्यातून तो जड हात ठेका मोडायला बघत होता, मधेच घुसत होता, वेळेवर, पुन्हा वेळेवर. पण यंत्राला गुरू नसतो. कुणी दुरुस्त केलं म्हणून परत वाजवून दाखवायची खोड त्याला नसते. ते आपलं चालूच राहिलं. वर खिडकी आपटली. “तुहिना! अगं लाज आहे का, माणसं झोपलीयत!” घोषालकाकू ओरडत होत्या. ओरडू देत. तिने मास्टरमोशायांचा निषाद घेतला, थांबली, षड्जावर गेली. पुन्हा घेतला. पुन्हा. मागून दुरुस्ती यायची, ती मोडीत काढून पुन्हा. आणि कितव्यातरी वेळी वरून उतरता उतरता मध्यम आला, ठेका पुढे निघून गेला आणि अर्धी मात्रा गेल्यावर गांधार आला.

तिचं तिलाच आधी कळलं नाही. मग कळलं. तिने गज उचलला आणि बीट बंद केला.

पाडा गप्प होता. काकूही गप्प होत्या. दिव्याच्या उजेडात राळेचे कण अजून तरंगत खाली येत होते. तुहिनाने खाली पाहिलं. समोर दोन हातांवर मघाशी रेघ होती तिथे आता नुसती लाल फरशी. त्या रिकाम्या जागेच्या मागे मात्र एक रेघ होती. त्या रेघेच्या मागे तीन. त्यांच्या मागे ओळीने आणखी, पांढऱ्या, ताज्या, पार भिंतीवरच्या गोधडीखाली जाईपर्यंत.

आणि एक तिच्या डाव्या हाताला होती. तिच्या स्वतःच्या रेघेच्या ओळीत, हातभर अंतरावर. आता तिच्या शेजारी, तिच्याच बाजूने, समोरच्या सगळ्यांकडे तोंड करून कुणीतरी बसलं होतं.

समोरून तरफा वाजल्या, पंधराच्या पंधरा, एका हाताने वाजवल्यासारख्या. म, ग, रे, सा. वेळेवर.

तिने परत वाजवून दाखवलं नाही. कान टवकारून ती डावीकडे ऐकत राहिली. तिथूनही कुणी वाजवलं नाही.

तुहिनाने गजाला राळ घासली. हात पुन्हा तिचा होता. “मास्टरमोशाय,” ती समोरून नजर न काढता म्हणाली, “पुन्हा घेऊ. आपलं.” आणि बीट चालू केला.